शेळीने कोपरा खाल्लेला कागद

मी एक जुना कागद आहे. वय छप्पन्न वर्षं, लांबी दोन विती, कोपरे तीन. चौथा शेळीने खाल्ला. त्या शेळीला पुढे जी करडं झाली, त्यांतल्या एकाच्या कपाळावर जन्मतःच विभूतीची तीन बोटं उमटली होती. मित्रांनो, खोटं वाटत असेल तर शेळीला विचारा. ती आता हयात नाही, म्हणजे माझंच खरं.

मी नुसता कागद नव्हे बरं का. माझ्यावर बसव्वाचं पेन्सिलचित्र आहे, आणि ते भालकीच्या बंडोपंत मास्तरांनी काढलेलं आहे. मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. हात असा, की त्यांनी फळ्यावर पेरू काढला की खिडकीतून पोपट आत यायचे. त्यांच्या शेजारी बसव्वा राहायची. तिखट जिभेची आणि मऊ भाकरीची बाई.

एका सकाळी बसव्वा अचानक गेली. आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला विभूती लावून, माळा घालून बसवतात आणि भोवती भजन करतात. तशी तिला बसवली. तिचा एकही फोटो नव्हता आणि गावातला फोटोवाला लग्नासाठी उदगीरला गेलेला. तेव्हा तिच्या नवऱ्याने मास्तरांना बोलावलं.

"मास्तर, चंद्रम्मा आठ वर्षाची हाय. उद्या तिनं आई कशी होती म्हणून विचारलं तर म्या काय दाखवू?"

मास्तरांनी मला फळीवर टाचलं आणि दोन तासांत, एकदाही रबर न लावता, बसव्वा उतरवली. टक्क उघडे डोळे, ओठाच्या कोपऱ्यात भांडणाची तयारी. एकदाही रबर न लावता, हे ध्यानात ठेवा.

मग मला सागवानी चौकट मिळाली, काच मिळाली. काय ते दिवस होते! दुधात पाणी घालणारा गवळी माझी नजर चुकवून मागच्या दाराने यायचा. चंद्रम्मा लग्न होऊन बीदरला आली तेव्हा मला मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. रोज सकाळी ती माझ्यापुढे फूल ठेवायची. पण वर्षं सरली तसा मी पिवळा पडलो, रेघा पुसट झाल्या. तिकडे चंद्रम्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दोघांवर एकदमच धुकं चढलं म्हणा ना.

यंदा तिच्या मुलाने, वीरेशने, बीदरलाच नौबाद भागात घर बांधलं. बैठकीत एकच खिळा ठोकला. त्याच आठवड्यात चंद्रम्माच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं.

"पट्टी निघाली की पहिल्यांदा अव्वाला, माझ्या आईला बघणार," ती म्हणाली. "तिचं तोंड मला आठवंनाच झालंय."

मी काचेमागे फुगलो. पहिली नजर माझ्यावर पडणार होती.

पण वीरेशची मुलगी सौम्या मला निरखत म्हणाली, "पप्पा, ह्याच्यात अज्जीला काय दिसणार? मी एआयवर खरा फोटो करते."

तिने मला चौकटीतून काढलं, टेबलावर पसरलं आणि फोनने टिपलं. थोड्या वेळात फोनमध्ये एक बाई आली. कपाळाला पांढरी पट्टी बांधलेली.

"पप्पा, पणजीला डोक्याला मार लागला होता का?"

"अगं, विभूती हाय ती," वीरेश म्हणाला. "तुझ्या त्या यंत्राला विभूती ठाव न्हाई व्हय?"

मी पोट धरून हसलो. कागदाला पोट नसतं, तरी हसलो. पण सौम्या चिकाटीची. तिने चार वेळा समजावून विभूती करून घेतली. आणि मग जे आलं ते बघून माझं हसू वाळलं. गालावर लाली, लुगड्याला हिरवा रंग, केस न् केस सुटा. सगळ्यात वाईट म्हणजे माझा शेळीने खाल्लेला कोपरा! तिथे यंत्राने कोपरा भरून काढला आणि वर कुंडीतलं झाड काढून ठेवलेलं. बसव्वाने जन्मात कुंडी पाहिली नव्हती. मला छप्पन्न वर्षांत जे मिळालं नाही ते त्या मेल्या फोटोला फुकट मिळालं.

फोटो छापून आला. त्याला माझी चौकट दिली. माझी काच दिली. माझा खिळा दिला. मला वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर टाकलं. मित्रांनो, मी तिथे पडून काय काय मागितलं ते सांगायला लाज वाटते. भिंतीला ओल येऊ दे म्हणालो. पाल येऊ दे म्हणालो. भूकंपसुद्धा मागितला, पण फक्त त्या एका भिंतीपुरता.

मंगळवारी चंद्रम्माची पट्टी निघाली. घरी आल्यावर सौम्याने तिला खिळ्याखाली उभं केलं. "अज्जी, बघ."

चंद्रम्मा पुष्कळ वेळ बघत राहिली.

"ही कोण बसविलीस गं?"

"तुझी आई."

"डोळे तर माझे हायत हिचे."

वीरेश म्हणाला, "लेक आईवरच जाणार की, अव्वा."

"न्हाई रे. अव्वा त्या दिवशी डोळे मिटून बसली होती. मास्तरांनी मला लिमलेटची गोळी दिली आन् समोर बस म्हणाले. पापणी हलवू नको म्हणाले. मला वाटलं, माझं चित्र काढायलेत." ती खुर्चीवर टेकली. "म्हणजे एवढी वर्षं मी माझ्याच डोळ्यांना फूल वाहिलं. अव्वाचं काय उरलं मग?"

सौम्याचा चेहरा पडला. फोटो भिंतीवर तसाच बघत होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण चंद्रम्माचा आवाज ऐकून झाला नाही.

"ते जुनं कुठाय? आण बघू," ती म्हणाली.

मला खाली उतरवलं, मांडीवर ठेवलं. मधे काच नव्हती. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा चंद्रम्माचं बोट माझ्यावरून फिरलं आणि डोळ्यांपाशी थांबलं.

"हितं खरबरीत कामून लागायलंय?"

मित्रांनो, आता सांगतो. सुरुवातीला मी एक थाप मारली होती. मास्तरांनी रबर लावलं होतं. आधी त्यांनी दिसले तसेच मिटलेले डोळे काढले. मग 'लेकराला असं कसं द्यायचं' असं पुटपुटत ते खोडले, इतके की माझी साल निघाली, आणि त्यावर लेकीचे डोळे काढले. ती खोडलेली जागा हीच माझी लाज. तीच लपवायला मी शेळ्या, पोपट आणि गवळी जमवत आलो.

चंद्रम्माने मला खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. ऊन आडवं पडलं, आणि पेन्सिलच्या दाबाने पडलेल्या खाचा वर आल्या. दोन मिटलेल्या पापण्या. डावी जराशी सुरकुतलेली.

"हीच," चंद्रम्मा हळूच म्हणाली. "दुपारी झोपली की डावी पापणी अशीच चुरमडायची. मी तिच्यावर फुंकर घालायची."

सौम्याने फोन वर केला आणि मग परत खाली ठेवला. "ह्याच्यात ते येईना, अज्जी."

"न येऊ दे. तू हितं बस. तुला तिरकं धरून दाखवते."

आता फोटो खिळ्यावर आहे. पाहुणे त्यालाच हार घालतात. मी चंद्रम्माच्या पेटीत मऊ धोतराच्या घडीत असतो आणि रोज दुपारी खिडकीशी जातो. तेव्हा मित्रांनो, जुन्याचं नवं खुशाल करा, पण जुना कागद टाकण्याआधी त्याच्यावरून एकदा बोट फिरवा, त्याला उन्हात तिरकं धरा. आम्ही म्हातारे बडबडतो फार आणि खरं तेवढंच लपवतो.

त्या फोटोशी माझं अजून जमलेलं नाही. काल त्याच्या नाकावर माशी बसली होती. मला फार बरं वाटलं.