आटपाडीचं लॉगिन

“लागलं! शरयूताई, आटपाडी लागलं!” मुजीब आत्तार साताऱ्याच्या कचेरीतून फोनवर जवळजवळ ओरडलाच.

“म्हंजे माझी फाईल साताऱ्यातनं दिसती?” आटपाडीहून शरयू मान्यांनी विचारलं.

“दिसती म्हंजे? उघडली पण. आता तुमाला पेनड्राइव्ह घिऊन एसटीनं यायला लागायचं न्हाई.”

“लय बरं केलंस बघ, भावा.”

संस्थेची कॉलेजं चार गावांत होती : सातारा, फलटण, आष्टा आणि आटपाडी. प्रत्येक ठिकाणचं नेटवर्क वेगळ्या माणसानं, वेगळ्या वर्षी उभारलेलं, म्हणून चार डोमेनं, म्हणजे संगणकांची चार स्वतंत्र जाळी. एका डोमेनमधला संगणक दुसऱ्यात शिरू शकत नसे. मुजीब हा संस्थेचा संगणक तंत्रज्ञ. त्यानं दोन महिने खपून ही चारही डोमेनं जोडली. आता साताऱ्याच्या एकाच संगणकावर बसून हव्या त्या गावाचं लॉगिन करता येत होतं. सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, तेव्हा त्याला आपल्या नोकरीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

या कामात सर्वांत जास्त मदत शरयूताईंची झाली होती. बावीस वर्षं आटपाडीच्या कचेरीत त्या एकट्याच क्लार्क. मुजीब तिथं गेला की दुपारी डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढं करत. म्हणत, “खा रं. मला एकटीला जेवण जात न्हाई.”

तीन महिन्यांनी आदेश निघाला. आटपाडीचं काम यापुढं साताऱ्यातूनच होणार, शरयूताईंची बदली साताऱ्याला. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ताईंनी राजीनामा दिला.

मुजीब सेक्रेटरींकडं गेला. “साहेब, ताईंना तिथनंच काम करू द्या की. आता कुठनंबी होतंय.”

“कुठूनही होतंय ना? मग इथूनच होऊ दे,” साहेब म्हणाले.



ताईंच्या शेवटच्या दिवशी त्यांचं लॉगिनचं खातं बंद करायला तो आटपाडीला गेला. साताऱ्यात बसूनही ते करता आलं असतं.

शरयूताईंनी विद्यार्थ्यांची नावं आणि घरचे फोन लिहिलेली एक वही त्याच्या हातात दिली. “साताऱ्यात माझं काम बघणाऱ्या पोरीला दे. ही श्रद्धा हाय न्हवं, हिच्या घरचा फोन आजी उचलती. तिला कमी ऐकू येतं. जरा मोठ्यानं बोलायला सांग.”

मुजीबनं वही पिशवीत ठेवली. “ताई, हे माझ्यामुळं झालं. मला आधी कळायला पायजे हुतं.”

“तुला काम दिलं, तू चांगलं केलंस. मीबी तवा लय खूश झाले हुते.”

तो संगणकासमोर बसला.

“नाव पुसणार माझं?”

“न्हाई ताई. नाव ऱ्हातंय. फकस्त आत जाता येत न्हाई.”

“बरं. कर मग.”

मुजीबनं बटण दाबलं. यादीत त्यांचं नाव होतं तिथंच राहिलं. त्याच्याशेजारी खातं बंद झाल्याची खूण म्हणून खाली तोंड केलेला एक छोटा बाण आला. शरयूताईंनी चष्मा लावून तो बाण पाहिला. मग मुजीब उठल्यावर त्यांनी खुर्ची नीट टेबलाच्या आत लोटली.