नऊनंतरचं रक्त

सहा वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

लिहिणाऱ्या बाई शिवणकाम करायच्या. जिन्यावरून पडून पाठीचा कणा मोडला, कमरेखालची जाणीव गेली आणि त्याच बधिर पायांत आग सुरू झाली, ती थांबलीच नाही. अशा दुखण्याची खूण रक्तात सापडते का, हे आमची प्रयोगशाळा शोधत होती. बाईंनीही रक्त दिलं होतं. ‘तुमच्या अहवालात लिहिलंय, रक्ताचा आणि दुखण्याचा मेळ बसत नाही,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘तो वाचून दीर म्हणतात, वहिनी सोंग करतात. माझं रक्त काय म्हणालं, तेवढं कळवा.’

मी तिथला नोंदी ठेवणारा कारकून. उत्तर मला ठाऊक होतं.

रक्त सकाळी नऊच्या आत घ्यायचं, असा नियम होता. उशीर झाला की रक्तातली प्रमाणं बदलतात. नियमात खोट नव्हती. पण ज्यांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, ज्यांना खुर्चीत बसवायला दोन माणसं आणि तासभर लागतो, ते नऊला पोचणार कसे? त्यांच्या ट्यूब मी वहीत ‘उशिरा’ लिहून बाजूला ठेवत गेलो. एकेचाळीस. ज्यांनी दुखण्याला दहापैकी नऊ-दहा गुण दिले होते, नेमके तेच गळले. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांना ती वही दाखवली, तर म्हणाले, “तुमचं अक्षर सुंदर आहे. तेवढंच सांभाळा.” मी वही मिटून परत आलो.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. अहवाल पुस्तकात घ्यायचाय, मुद्रितं तपासून द्याल का?

“एक ओळ वाढवावी लागेल,” मी म्हणालो. “एकेचाळीस जणांचं रक्त तपासलंच नाही, अशी.”

“या वयात शिंगं फुटली का तुम्हाला?”

“फुटलीत खरी. ओळ नसेल तर मुद्रितं दुसऱ्याकडे द्या, सर.”

फोन ठेवला तेव्हा बायको दारातच उभी होती. “अहो, एवढं बोललात, मग आता त्या बाईंनाही लिहा. आणि खाली सही करा. निनावी लिहायचं असेल तर नकोच.”

चार कागद फाडले. मी शास्त्रज्ञ नाही. खोटी आशा दिली तर? शेवटी जेवढं माहीत होतं तेवढंच लिहिलं:

‘तुमचं रक्त काहीच म्हणालं नाही, कारण आम्ही त्याला विचारलंच नाही. तुम्ही सव्वादहाला पोचलात. ट्यूब मी बाजूला ठेवली. तपासणीत काय निघालं असतं, सांगता येत नाही. पण आमच्या अहवालाच्या आधारानं तुम्हाला खोटं ठरवायचा हक्क कोणालाही नाही. हे पत्र दीरांना दाखवा. पटलं नाही तर त्यांनी माझ्याकडे यावं, वही घरीच आहे. उत्तराला सहा वर्षं लावली, तो दोष माझा.’

खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. एक प्रत सरांच्या नावानं. दोन्ही पाकिटं मी स्वतः चालत जाऊन पेटीत टाकली.