जांभळं खाणारा सुतारपक्षी

केशवरावांनी तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा टेबलाखालच्या डब्यात थुंकला, हनुवटीवर आलेला तांबूस ओघळ मनगटानं पुसला, त्याच बोटांनी गजालाच्या हस्तलिखिताचं पान उलटलं आणि नाक मुरडून म्हणाले, "ई! हे काय लिहून राहिल्या बाई? आई मुंगळे ओकते?"

गजाला अकोल्याकडल्या पातूरजवळच्या एका खेड्यात तिसरीच्या वर्गाला शिकवायची. शाळेच्या आवारात एक अर्धवट वाळलेला कडुलिंब होता आणि त्याच्या खोडात सोनपाठी सुतारपक्ष्यांची जोडी दरसाल नवं भोक पाडायची. सुट्टीच्या दिवशी शाळेला कुलूप असलं तरी ही बाई व्हरांड्यात चवाळं टाकून त्या भोकाकडे बघत बसे. लोकांना वाटायचं, हिला घरी काही काम नाही. त्या बघण्यातूनच तिनं मुलांसाठी गोष्ट लिहिली होती. त्यात सुतार खोड ठोकून आतली पोकळी हेरायचा, लांब चिकट जीभ घालून मुंगळे नि अळ्या ओढून काढायचा, आणि पोटात साठवलेलं ते सगळं आईबाप पिलांच्या घशात ओतायचे. गोष्टीतलं एकही वाक्य ऐकीव नव्हतं. मासिकांनी ती साभार परत पाठवली होती, एकदा नव्हे, कितीदा तरी. म्हणूनच अमरावतीहून केशवरावांचा फोन आला तेव्हा ती पहिल्या बसनं निघाली होती. ते बालपुस्तकं छापत आणि ती शाळाशाळांत खपवत.

"पण सर, ते तसंच करतात. मी बघितलंय," ती म्हणाली.

"खऱ्याचं काय लोणचं घालता? पोरांले गोड लागते. आपण त्याले जांभळं देऊ. जांभूळ खाईन, बी टाकीन, झाड उगवीन. पर्यावरणही आलं, शाकाहारही आला." मग खुर्ची पुढे ओढून, आवाज उतरवून, अगदी घरच्यासारखे बोलले, "आणि खरं सांगू? तुमच्या नावावर हे बरं नाही दिसत. लोक म्हणतीन, गजालाबाईनं पाखरालेही मांसच चारलं."

गजालाच्या अंगावरून पाल सरपटल्यासारखं झालं. अळीची किळस येणाऱ्या या माणसाच्या दातांच्या फटीत सुपारीचा चोथा अडकला होता आणि तिच्या गोष्टीच्या पानावर त्याच्या बोटांचे डाग उमटले होते. उठावं, पिशवी काखेला मारावी आणि सरळ अकोल्याची गाडी धरावी, असं तिला वाटलं. तिनं पिशवीला हातही घातला.

"नाव तर तुमचंच राहीन ना," केशवराव म्हणाले. "कव्हरवर. मोठ्या अक्षरात."

हात तिथेच थांबला. मोह वाईट असतो आणि तो शहाण्या माणसालाच आधी गाठतो. कव्हरवरचं ते नाव गजालाला डोळ्यांपुढे दिसलं, आणि ती "बरं" म्हणून बसली.

पुस्तक निघालं. नाव 'गोड चोचीचा सुतार'. चित्रातल्या पक्ष्याला लांब पापण्या होत्या, कमरेला एप्रन होता, नि चिमणीसारखा काडीवर आडवा बसून तो बशीतलं जांभूळ खात होता. गजालानं पुस्तक मिटून पालथं ठेवलं. घरी मात्र आईला, कुलसुमबीला, केवढा आनंद. तिनं मोहल्ल्यात पेढे वाटले. लेकीचं तोंड उतरलेलं बघून म्हणाली, "मुंगळा काय न् जांभूळ काय, बेटा! किताब तर छपली. चार ओळींसाठी कायले तोंड पाडून राहिली?"

अमरावतीत प्रकाशन झालं. ज्यांनी पुस्तक उघडूनही बघितलं नव्हतं त्या पाहुण्यांनी त्यातल्या संस्कारांवर भाषण ठोकलं. गजालाच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटोवाल्यानं हसायला सांगितलं आणि ती हसली. शालीला डांबरगोळ्यांचा वास होता. परतीच्या गाडीत तिनं ती पिशवीत कोंबली, पण वास हातांना राहिलाच. स्वतःची शिसारी येणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. उन्हाळ्यात केशवरावांचा पुन्हा फोन आला. पुस्तक चांगलं चाललं होतं. आता घुबडाचं लिहा म्हणाले, ज्वारीचे दाणे टिपणारं. हिनं नाही म्हणायला हवं होतं. ही म्हणाली, बघते.

शाळा उघडली तेव्हा वर्गाच्या पेटीत 'गोड चोचीचा सुतार' येऊन पडला होता. पोरांनी तो वाचून वाचून चोळामोळा केला. आकांक्षाला तर तो पाठच झाला. आपल्या मॅडमचं पुस्तक म्हणजे त्या पोरीला देवाची पोथी. घरीही घेऊन जायची, उशाला घेऊन झोपायची. गजालाला ते दिसत होतं. एकदा खरं सांगावं असं तिच्या मनात यायचं, आणि मग हजेरी घ्यायची वेळ व्हायची.

एका सकाळी ती शाळेत पोचली तर कडुलिंबाखाली पोरांचं कोंडाळं. रात्रीच्या वाऱ्यानं भोकालगतची वाळकी फांदी मोडून पडली होती आणि त्या हिसक्यानं भोकातलं एक पिलू खाली आलं होतं. मधोमध आकांक्षा मांडी घालून बसली होती. मांडीवर पिलू, शेजारी फ्रॉकच्या ओच्यात आणलेली जांभळं, आणि त्यांच्याजवळ उघडं पुस्तक. वरच्या फांदीवर मादी सारखी ओरडत होती.

"मॅडम, सकाळपासून चारून राहिली मी त्याले," आकांक्षा म्हणाली. "तो तोंडच उघडेना. मंग म्या चोच उघडून घातलं. बी काढून घातलं, हं."

गजालानं पिलू ओंजळीत घेतलं. ते अजून कोमट होतं, पण मान लटकली होती. चोच जांभळी, घसा गरानं गच्च भरलेला, कोवळ्या पिसांना चिकट रस लागलेला. त्या गोडाच्या वासानं मुंगळे आले होते आणि एकेक करून त्याच्या तोंडात शिरत होते. त्याचं खाणं त्याच्यापर्यंत आता पोचलं होतं. नुसतं उचलून भोकात ठेवलं असतं, तर आईनं हेच मुंगळे त्याला चारले असते. गजालाला उमाळा आला, आणि तो रडण्याचा होता की ओकण्याचा ते तिला कळेना.

"तो झोपला का, मॅडम?"

"मेला, बेटा. तो जांभळं खातच नाही. मुंगळे खातो, अळ्या खातो."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "पण पुस्तकात तर हाये."

"पुस्तकात खोटं आहे."

अमरावतीच्या त्या सरांनी बदललं, असं सांगायचं गजालाच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण आकांक्षानं तोवर पुस्तक मिटलं होतं. जांभळ्या बोटानं कव्हरवरची मोठी अक्षरं एकेक करत तिनं वाचली आणि मान वर केली.

"मंग याच्यावर तुमचं नाव काहून हाये, मॅडम?"