बोल्ट कोणी आवळायचे?

मित्रांनो, मी एक जुना कठडा आहे. एक म्हणतो खरा, पण सध्या माझे दोन तुकडे आहेत आणि ते चर्चच्या मागच्या अडगळीच्या खोलीत एकमेकांना टेकून पडले आहेत. उद्या सकाळी एक तुकडा एका घरी जाईल आणि दुसरा दुसऱ्या घरी. तेव्हा जे काय सांगायचे ते आजच सांगून टाकतो.

कठडा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे जिना नाहीतर गच्ची येईल. मी तसला नाही. आमचे चर्च लूथरन नावाच्या ख्रिस्ती पंथाचे. त्यात पुढच्या भिंतीजवळ वेदी आहे, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून होणाऱ्या प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला ज्या मेजावर ठेवतात ते. त्या वेदीपुढे मी अर्धगोल उभा असायचो. लोक येत, माझ्यापाशी गुडघे टेकत, हात माझ्यावर ठेवत. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आतल्या बाजूने एकेकाला भाकर आणि प्याला देत पुढे सरकत. एवढेच माझे काम. गुडघे दुखणारे म्हातारे माझाच आधार घेऊन उठत आणि मी कधी कुरकुर केली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्यावर नको तो आळ येणार आहे.

मला घडवले एका सुताराने. माणूस बोलायला तिरसट, पण रंधा हातात आला की लोण्यासारखा मऊ. मला वाकवता वाकवता त्याच्या नाकी नऊ आले. कोणीतरी त्याला विचारले, "सरळ केला असता तर लवकर झाला नसता का? आणि गोलच करायचा तर पुरा गोल का नाही?"

तो म्हणाला, "आपला वाटा अर्धाच. उरलेला अर्धा भिंतीपलीकडे."

भिंतीपलीकडे आमची दफनभूमी आहे. जुने लूथरन लोक असेच मानत आले. अलीकडे आपण गुडघे टेकायचे, पलीकडे आपली गेलेली माणसे, आणि मिळून एकच पंगत. सुतार स्वतःही पुढे त्या पलीकडच्या पंगतीत जाऊन बसला. माझे पॉलिश तेव्हा अजून झिजलेही नव्हते.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. काय सांगू तुम्हाला! रविवार आला की माझी ऐट बघण्यासारखी. खडूने पांढरी झालेली शिक्षकाची बोटे, कितीही धुतली तरी ग्रीस न सुटणारे मेकॅनिकचे हात, बांगड्या अडकू नयेत म्हणून मनगट वळवून ठेवणाऱ्या नव्या सुना. चेहरे मला फारसे दिसत नसत, कारण सगळ्यांच्या माना खाली. पण हात मी ओळखायचो. शेजारी शेजारी भांडलेले असोत, त्यांना माझ्यापाशी खांद्याला खांदा लावूनच बसावे लागे. जागाच तेवढी. यात मोठे शहाणपण आहे असे मला वाटायचे. वाटायचे, एवढेच.

या सगळ्या हातांत मला सर्वांत जवळचे होते ते शिवणवाल्या मावशींचे. मावशी कपडे शिवून घर चालवायच्या. नवरा तरुणपणीच गेलेला, मागे दोन मुले. गुडघ्यांखाली ठेवायची माझी लांबलचक गादीही त्यांनीच शिवलेली. त्यांची जागा ठरलेली होती, माझ्या अगदी मधोमध. डावीकडे मोठी मुलगी, तिला सगळे ताई म्हणत. उजवीकडे धाकटा बाळ्या. लहान मुलांना भाकर मिळत नसे, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत. बाळ्याला तेवढा वेळही धीर निघत नसे. एकदा तर त्याने तोंडातले च्युइंगम काढून माझ्या पोटाखाली चिकटवले. ते अजून तिथेच आहे, दगडासारखे झालेले. मावशी मात्र डोळे मिटून दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरून असत. वर्षानुवर्षे धरून धरून तिथले लाकूड गुळगुळीत आणि काळपट झाले.

मुले मोठी झाली. दोघांनाही गाण्याचे वेड, आणि ते आईकडूनच आलेले. ताई ऑर्गन वाजवायला शिकली आणि रविवारी चर्चमध्ये वाजवू लागली. बाळ्या आधी गिटार शिकला, मग ड्रम. मावशींना कोण आनंद! मशीन चालवता चालवता त्या दोघांचीही गाणी गुणगुणत. त्यांना कधी कळलेच नाही की ही दोन गाणी एका छपराखाली मावणार नाहीत.

भांडण सुरू झाले ते अगदी साध्या गोष्टीवरून. बाळ्या आणि त्याच्या मित्रांना वाटे की जुन्या उपासनेत तरुण पोरे पेंगतात. नवी गाणी हवीत, टाळ्या हव्यात, शब्द पडद्यावर दिसायला हवेत. ताईला आणि जुन्या लोकांना वाटे की पापांची कबुली, पाळकांनी म्हणायचे आणि लोकांनी उत्तर द्यायचे, ही सगळी वीण पिढ्यानुपिढ्या जपली आहे, ती उसवायची कशाला? दोघांचेही अगदीच चुकत होते असे मी म्हणणार नाही. पण बोलणी अशी काही वाढली की विचारू नका.

"हे चर्च आहे की लग्नाचा हॉल?" ताई म्हणाली.

"आणि तुमचं काय आहे? कपाटात ठेवलेली चांगली भांडी," बाळ्या म्हणाला. "पुसायची आणि परत ठेवायची. जेवायचं कधी?"

हे भांडण आमच्याच चर्चचे होते असेही नाही. आमच्यासारखी अनेक चर्चेस मिळून एक मोठी संस्था आहे. तिच्या कार्यालयातून एक वयस्कर पाहुणे आले. त्यांनी शांतपणे सांगितले की गाणे जुने की नवे यावर आत्म्याचे तारण ठरत नाही. दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या, कारण दोन्ही बाजूंना वाटले की आपल्याच बाजूने बोलले. पाहुण्यांनी चहा घेतला आणि पुढच्या गावी गेले. तिथेही म्हणे हेच चालले होते.

शेवटी कमिटीने दोन उपासना ठरवल्या. सकाळी लवकर जुन्यांची, उशिरा नव्यांची. आता ड्रम ठेवायचे कुठे? वेदीपुढे तर मी! मला काढा असे एक बाजू म्हणे, हात लावाल तर खबरदार असे दुसरी. मग तोड निघाली. मला मधोमध कापायचे, तळाला खुंट्या बसवायच्या आणि मध्ये बोल्ट. जुन्यांच्या उपासनेत उभा करायचा, नव्यांच्या वेळी काढून बाजूला ठेवायचा. सगळ्यांना ही तोड फार आवडली. करवत नेमकी फिरली ती मावशींचे हात लागून काळपट झालेल्या जागेवरून. कोणाच्या ते लक्षातही आले नाही. माझ्या आले.

तेव्हापासून माझी रवानगी दर आठवड्याला. काढताना नव्यांची पोरे घाईत, लावताना जुन्यांची चिडचिड. बोल्ट आवळायचे कोणी, यावर वेगळे भांडण. काढणाऱ्यांनीच लावून ठेवावे, असे जुने म्हणत. ज्यांना हवा त्यांनी लावावा, असे नवे म्हणत. अखेर ताईनेच ऑर्गनच्या बाकात एक पाना ठेवला. दर रविवारी ती सगळ्यांच्या आधी यायची आणि पुटपुटत मला आवळायची. बाळ्याच्या मित्राने एकदा आवळले तर म्हणाली, "राहू दे, तुमच्यानं ते सरळ होत नाही."

मावशी दोन्ही उपासनांना जायच्या. सकाळी लेकीच्या, मग बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या आणि नंतर लेकाच्या. नव्यांच्या उपासनेत लोक रांगेत उभे राहून भाकर घेत. मावशींना फार वेळ उभे राहवत नसे. पण त्यांचे दुःख पायांचे नव्हते. भाऊबहीण एकमेकांशी बोलत नव्हते. एकीच्या घरी गेले की दुसऱ्याचा विषय काढायचा नाही, असे झाले होते. मावशी पाळकसाहेबांना म्हणाल्या, "माझं दुसरं काही मागणं नाही. एकदा दोघं माझ्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसू देत. मग मी डोळे मिटायला मोकळी."

चर्चच्या वर्धापनदिनाला एकच उपासना घ्यायची, असे पाळकसाहेबांनी मोठ्या मिनतवारीने जमवून आणले. काही गाणी ऑर्गनवर, काही गिटारवर, ड्रम एका कोपऱ्यात, आणि मी माझ्या जागेवर. मित्रांनो, त्या दिवशी मला नव्या पॉलिशचा वास आल्यासारखे वाटले.

आदल्या दुपारी बाळ्या स्वतः आला. आईसाठी करतो आहे, असे मित्रांना म्हणाला. त्याने माझे दोन्ही भाग खुंट्यांवर बसवले, फडक्याने पुसले. च्युइंगमला बोट लागले तेव्हा हसलाही. मग मित्राने बोल्टकडे हात नेला तर म्हणाला, "नको, ते ताईला आवळू दे. आपण आवळलं की तिला राग येतो. उद्याच्या दिवशी तरी नको."

सकाळी ताई आली. मी उभा आहे, पुसलेला आहे, हे पाहून ती थबकली. बाकातून पाना काढला आणि हातातच धरून उभी राहिली. शेजारी मावशी होत्या. ताई म्हणाली, "आई, बघ, बाळ्यानं स्वतः लावलाय. आता मी परत तपासायला बसले तर त्याला वाटेल, हिचा माझ्यावर विश्वास नाही." आणि तिने पाना परत ठेवून दिला.

मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण मी काय, लाकूड!

उपासना झाली. खरेच बरी झाली. मग प्रभुभोजनाची वेळ आली आणि मावशी पुढे आल्या. डावीकडून ताई ऑर्गन सोडून आली, उजवीकडून बाळ्या गिटार ठेवून आला. तिघेही गुडघ्यांवर. कितीतरी वर्षांनी तिघांचे हात माझ्यावर एकत्र आले, मावशींचे नेहमीसारखे मधोमध. त्यांनी माझी कड धरली, सगळा भार टाकला, आणि मी दोन बाजूंना उघडलो. मावशी मधून आतल्या पायरीवर पडल्या.

खुबा मोडला होता. त्यांना उचलून नेईपर्यंतही दोघांना दम निघाला नाही.

"तू लावलास ना? मग आवळलं का नाहीस?"

"दर वेळी तूच आवळतेस ना? आजच कशी विसरलीस?"

खरे काय ते दोघांनाही सांगता आले असते. तुझे मन राखायला मी हात लावला नाही, एवढे एक वाक्य. ते तोंडातून आलेच नाही. पुढे जुने नव्यांना दोष देत राहिले आणि नवे जुन्यांना. मावशी अंथरुणाला खिळल्या. त्यांनी विषय काढला तरी दोघेही ऐकून घेत नसत. ताई सकाळी जायची, बाळ्या उशिरा, चर्चसारखेच. आणि एक दिवस मावशी भिंतीपलीकडे गेल्या.

मातीच्या दिवशी त्यांच्या आवडीचे गाणे म्हणायचे ठरले. ते दोघांनाही पाठ होते. पण ऑर्गनवर म्हणायचे की गिटारवर, यावर पाळकसाहेबांना तासभर दोन्हीकडे हेलपाटे घालावे लागले. कोणीच मागे हटेना. शेवटी त्यांनी त्या गाण्याचे शब्द नुसते वाचून दाखवले. जिने आयुष्यभर मशीनवर दोघांची गाणी गुणगुणली तिला न गाता पुरले.

त्यानंतर कमिटी बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचे सगळे हात एकदम वर गेले. ठराव काय? की हा कठडा धोक्याचा आहे, तो कायमचा काढून टाकावा. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचे एकमत झाले. आता दोन्ही उपासनांत लोक रांगेत उभे राहतात, समोरच्याची पाठ बघत.

मी या खोलीत आलो, ड्रमच्या खोक्यांच्या आणि जुन्या गीतपुस्तकांच्या मध्ये. आईची आठवण म्हणून ताईने मला मागितले. दुसऱ्या दिवशी बाळ्याने मागितले. दोघांना एकमेकांचे माहीत नव्हते. कमिटीने पुन्हा एक छान तोड काढली, अर्धा अर्धा देऊ. घाईत वाटणी उलटी झाली. च्युइंगमचा तुकडा ताईकडे चालला आहे आणि ताईच्या बाजूचा बाळ्याकडे. मावशींच्या हाताची काळपट जागा मात्र अर्धी याच्याकडे, अर्धी तिच्याकडे. एक हात इकडे, एक हात तिकडे.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी काहीतरी मागायचे असते. मागून काही होईल असे मला वाटत नाही, तरी मागतो. जिथे कोणी भार टाकून गुडघे टेकणार आहे, तिथला बोल्ट दुसरा आवळेल म्हणून सोडू नका. आणि कोणाचे मन राखण्यासाठी गप्प राहिला असाल, तर तेही त्याला एकदा सांगा. ताई आणि बाळ्याला हे सांगणारे आता कोणी उरले नाही. आणि त्यांना हेही सांगा की मला भिंतीला टेकवून ठेवा. मी अर्धा आहे, माझा मी उभा राहू शकत नाही.