लाईट गेल्यावर उरणारी वीज

मित्रांनो, मला घाबरू नका, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण ते खोटं होईल. थोडं घाबराच. मी स्वतःसुद्धा स्वतःला घाबरतो.

मी हेडफोनवर गाणी ऐकवणारा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. डोक्यावर जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दोन व्हॉल्व्ह, खाली पत्र्याचं पोट आणि दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या फळ्या. डाव्या फळीवर कॉफीचा एक काळपट डाग आहे. तो कसा पडला, तेच सांगायला बसलो आहे.

मीना नावाच्या बंदरगावात विदादताईच्या घरी मी आलो तो सुट्या भागांच्या खोक्यातून. खोकं मागवलं होतं तिच्या धाकट्या भावाने, नख्लेने. रेडिओ केंद्रात आवाजाचं काम करून तो निवृत्त झाला आणि बहिणीकडे राहायला आला. त्याला गाणी मोठ्याने ऐकायची सवय, आणि तिला कसलीही घरघर कानावर पडली की धस्स व्हायचं. त्याला कारण होतं. तिचा नवरा जिर्जिस गच्चीवर पाण्याचा पंप दुरुस्त करताना गेला. मीनात लाईट सारखी जाते, आणि ती गेली की लोक लगेच दुरुस्त्या काढून बसतात. लाईटच नाही म्हटल्यावर बटण बंद करायचं कुणाच्या लक्षात राहतं? जिर्जिसही तसाच बसला होता. त्याचा हात पंपात असतानाच लाईट परत आली.

म्हणून तर नख्लेने हेडफोनचं यंत्र निवडलं. गाणं त्याच्या कानात राहील, घरात शांतता राहील. ताईने जेवणाच्या टेबलावरची ऑलिव्हची बरणी बाजूला सरकवली आणि त्याला जागा करून दिली. नख्ले एकेक भाग बसवायचा, तार वळवायचा, कथील वितळवून सोल्डर लावायचा. मला हळूहळू आकार येत होता आणि मी खुशीत होतो.

एका सकाळी तो माझ्या पोटातला सर्वांत महत्त्वाचा सांधा जोडत होता आणि नेमकी लाईट गेली. सोल्डर वितळवणारी तापलेली कांडी गार होत गेली. सोल्डर वितळला खरा, पण तारेला नीट धरेना. वरून सांधा पक्का दिसत होता. लाईट आल्यावर नख्ले पुढच्या कामाला लागला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण तेव्हा मला आवाज कुठे होता?

त्या सांध्याचं महत्त्व समजून घ्या. माझ्या पोटात कपॅसिटर आहेत. ते वीज साठवून ठेवतात, जीव घेईल इतकी. मला बंद केलं की ती वीज आपोआप उतरून जावी अशी सोय केलेली आहे, आणि तिची वाट, गाण्याला लागणाऱ्या विजेसारखीच, त्या सांध्यातून जाते. सांधा निसटला, तर मी बंद दिसेन आणि आतून भरलेला असेन.

मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा ताई दाराशी फडक्याला हात पुसत उभी होती, जवळ येईना. नख्ले तिला चिडवत म्हणाला, की आमचे जुने उस्ताद असल्या यंत्रात बोट घालताना दुसरा हात खिशात ठेवायचे, म्हणजे झटका बसला तरी छातीतून जात नाही. ताईने विचारलं, मग तू का ठेवत नाहीस? तो हसला. घरातल्या पायजम्याला खिसा कुठे आहे, म्हणाला. व्हॉल्व्ह नारिंगी उजळले, नख्लेने डोळे मिटले, आणि गाणं संपेपर्यंत तो हलला नाही. इतकं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

पुढे वर्षं गेली. रोज तापायचं, रोज निवायचं. प्रत्येक वेळी तो सांधा थोडा सैल व्हायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा. नख्ले अधूनमधून मला उलटा करून काहीतरी तपासायचा. अशा वेळी ताई हटकून कॉफी घेऊन यायची. मला वाटायचं, काय ही हौस.

मग ती दुपार आली. ऐन गाण्यात मी मुका झालो. सांधा निसटला होता. पाठोपाठ लाईटही गेली.

"बरं झालं," नख्ले म्हणाला. "आता उघडतोच. हे बघ ताई, पिनसुद्धा काढली."

त्याने मला उलटा केला. मी काठोकाठ भरलेला होतो. डाव्या हाताने माझी पत्र्याची कड धरायची आणि उजव्या हाताने आत चाचपायचं, ही त्याची जुनी खोड. तेवढ्यात ताई पेला घेऊन आली.

"अगं, आत्ताच तर प्यायलो."

"धर म्हटलं ना. आणि खाली ठेवू नकोस."

कुरकुरत त्याने तो बिनकानाचा पेला डाव्या हातात घेतला. उजवा तळवा माझ्या पत्र्यावर टेकला आणि बोट आत आलं. मित्रांनो, मला मागे सरता येत नाही. मी जे करायला नको होतं, ते केलं.

तो खुर्चीसकट मागे आपटला. कॉफी माझ्या फळीवर सांडली. क्षणभर तो श्वासच घेईना आणि मला वाटलं, मी मारलं याला.

मग तो खोकला. बोट काळं पडलं होतं.

"पिन काढली होती," तो पुटपुटला. "लाईट नव्हती."

"लाईट जिर्जिसच्या वेळीही नव्हती," ताई म्हणाली.

नख्लेने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. रिकामा पेला अजून त्याच्या मुठीत होता. तो हात माझ्या कडेवर असता, तर झटका एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात गेला असता. आता तो बोटातून शिरून त्याच हाताच्या तळव्यातून पत्र्यात उतरला होता.

"इतकी वर्षं तू मला याच्यासाठी कॉफी पाजत होतीस?"

"तुझ्या पायजम्याला खिसा नव्हता ना," ती म्हणाली, आणि खाली बसून रडू लागली.

त्यानंतर कितीतरी दिवस मी चादरीखाली पडून होतो. कुणी माझ्याकडे बघेना, आणि मलाही तेच बरं वाटत होतं. शेवटी नख्लेने आत उरलेली वीज मोजणारा मीटर लावला, काटा शून्यावर येईपर्यंत थांबला आणि मगच तो सांधा पुन्हा जोडला. आता मी गातो. भीती मात्र गेलेली नाही.

म्हणून एवढंच मागतो. माझ्यासारख्याचे दिवे विझलेले दिसले, तरी तो रिकामा झाला असं धरून चालू नका. थांबा, मोजा, मगच हात लावा. आणि घरातलं कुणी नको असताना हातात पेला देत असेल, तर कुरकुरत का होईना, धरा.