भरतीला बांधलेली जोडी

"हौशा, बघ बाबा, पावणं झोपल्यात!" झुंबरबाई कासरा आवळत उजव्या अंगाच्या बैलाला म्हणाली, आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "एवढा घाटाचा उतार, तुझ्या मानंचं सालटं निघालंय, आन् ज्यानं कासरा धरायचा त्यो आत घोरतोय. ह्येला काय वागणं म्हणायचं?"

जावयाला सासूनं तोंडावर बोलायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. म्हणून गगनबावडा सोडल्यापासून तिचा सगळा राग हौशानंच ऐकला.

जावई आकाराम शाहूपुरीतला गुळाचा व्यापारी. शाहू महाराजांच्या राज्यात नव्यानं वसलेली ती पेठ, आणि तिथलं वारं ह्याच्या अंगात भरलेलं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं. ह्यानं भर पंगतीत तोंड उघडलं, "मामी, वाण म्हणून बैलजोडी द्या." हौशा आणि पाखऱ्या ही तिनं पेज पाजून वाढवलेली वासरं. नवरा गेल्यावर ह्याच जोडीवर तिनं शेत राखलं होतं. चारचौघांत नाही कशी म्हणणार?

"दिऊ की," ती चिमणाकडं, म्हणजे लेकीकडं बघत बोलली. "पर आदी म्हणावं, हाकून दावा."

"मग चला, दर्याच बघून येऊ!" आकाराम म्हणाला. गाडीला तट्ट्याचं छप्पर, आत कडब्याची गादी, मडकी, परात, शिधा. चाकावरचा संसारच तो. तिघं निघाली.

पाचव्या दिवशी विजयदुर्गाजवळ दर्या दिसला. ओहोटी होती. ओली वाळू सारवलेल्या खळ्यासारखी सपाट आणि टणक. आकारामनं गाडी थेट तिथं नेऊन सोडली आणि बैल चाकाला बांधले.

"हौशा, आपल्या नदीकाठालासुदीक जित्राब उंचावर बांधत्यात रं," झुंबरबाई म्हणाली. आकारामनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जवळच गौस नावाचा मासेमार जाळं दुरुस्त करत होता. "पाव्हणे, गाडी वर घ्या. भरती येईल."

आकाराम खो खो हसला. "आमच्या पंचगंगेला पूर येतो त्यो वर पाऊस पडतो म्हणून. हितं आभाळ कोरडं ठणठणीत. पाणी काय चढ चढून येतंय व्हय?" वर गौसचीच लहान होडी मागून घेतली आणि वल्हं मारत गेलासुद्धा.

चिमणानं चूल मांडली. दुसरी भाकरी तव्यावर पडली आणि चूल चर्रकन विझली. पाणी आलं होतं. बघता बघता ते बैलांच्या गुडघ्याला लागलं. चाकं रुतली, दाव्याच्या गाठी भिजून दगडासारख्या झाल्या.

"पावणं! परता!" झुंबरबाईनं रीत मोडून हाक घातली, दोन्ही हात हलवले. लांब होडीत आकारामनं वल्हं उंच करून हलवलं आणि हसला.

तिनं कासोटा खोचला, वैरणीचा विळा घेतला आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरली. पाखऱ्याचं दावं कापलं. हौशाची गाठ मात्र पाण्याखाली गेलेली, त्याच्या नाकातोंडात लाट जात होती. गौस धावला, शिंगं धरून त्यानं मुंडकं वर तोलून धरलं. तिनं आंधळ्यागत चाचपडत विळा ओढला. बोट कापलं, मग दावं तुटलं.

आकाराम आला तेव्हा दोन्ही बैल काठावर थरथरत उभे होते आणि गाडीचं छप्पर लाटांवर हेलकावत होतं.

"मामी, काय मज्जा! तुमी हात केला, मी बी केला की!" मग त्याची नजर गेली. "आरं तिच्या! गाडी पाण्यात कुणी नेली?"

त्यानं हौशाच्या पाठीवर थाप मारली. "बैल वाचलं न्हवं? झालं तर. माजी जोडी लई तगडी!"

झुंबरबाई हौशाचं नाक पदरानं पुसत होती. नेहमीसारखी त्याच्याशीच बोलायला तिनं तोंड उघडलं. मग मिटलं, आणि वळून जावयासमोर उभी राहिली.

"आई, आगं रीत..." चिमणा कुजबुजली.

"रीत गेली बुडून. पावणं, आजवर बैलाला बोलले, आता तुमाला बोलते. हाकून दावा म्हणलं हुतं, दावलंसा. वाण म्हणून तेहतीस अनारसं घरपोच करीन, मान बी करीन. पर मी जित्ती हाय तवर ह्या जोडीचा कासरा तुमच्या हातात पडायचा न्हाय. आन् जाताना घाट तुमी चालत चढायचा. मागनं."