तीन नंबरचा शिक्का

त्याने शिक्का उचलला, सवयीप्रमाणे त्यावर एक लांब ‘हा’ सोडला, चिठ्ठीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर नेमका धरला आणि दाबला. काही उमटलंच नाही. स्टॅम्पपॅड कोरडं ठणठणीत पडलं होतं. बाटलीतली शाई चार थेंब पॅडवर टाकून ती मुरेपर्यंत करायचं काय, म्हणून त्याने हातातली चिठ्ठी वाचायला घेतली, आणि इथेच सगळा घोटाळा झाला. एकोणीस वर्षांत शिक्का मारण्याआधी त्याने चिठ्ठी कधी वाचली नव्हती.

शब्दकोशाच्या त्या कार्यालयात सगळे त्याला ‘नियमावली’ म्हणत. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर त्याला ते मनातून आवडायचं. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याची हकीगत आणि मराठी अर्थ लिहायचा, एका शब्दाला एक चिठ्ठी, असं तिथलं काम. ज्याने चिठ्ठी लिहिली त्याने तिच्यावर आपल्या नंबरचा शिक्का मारून ती खणात टाकायची. कार्यालय बंद होताना टेबलांवर बिनशिक्क्याची एकही चिठ्ठी राहता कामा नये. हा नियम कार्यालयाच्या जाडजूड नियमपुस्तकात होता आणि ते नियमपुस्तक सुवाच्य अक्षरात त्यानेच लिहून काढलेलं होतं.

शिक्का मारत नसत त्या एकट्या ताई. समोरच्या टेबलावर बसत, हिरव्या शाईने लिहीत, आणि इतरांच्या दहा चिठ्ठ्या होईपर्यंत त्यांच्या तीस होत. पण त्यांचा तीन नंबरचा शिक्का कुठे असायचा? खिडकीत. खिडकीची कडी कधीकाळी मोडली तेव्हा ती उघडी राहावी म्हणून ताईंनी हाताला लागला तो शिक्का फटीत ठोकून बसवला, आणि तेव्हापासून तो तिथेच वारा खात होता. संध्याकाळी त्यांच्या चिठ्ठ्यांचा ढीग टेबलावर तसाच पडे, त्या पिशवी खांद्याला लावून निघून जात, आणि मागे नियमावली तो ढीग सारखा करून त्यावर आपला सात नंबरचा शिक्का मारत बसे. यात त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. वाळत घातलेला टॉवेल वाकडा दिसला तरी या माणसाला घास गिळवत नसे, बिनशिक्क्याची चिठ्ठी तो कशी बघणार? पहिल्या आठवड्यात त्याने ताईंना भीतभीत सांगून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, मारा की तुम्हीच, तुमचा छान सरळ येतो. त्याने ते कौतुक समजून घेतलं, आणि ते होतंही कौतुकच.

आता हातातल्या चिठ्ठीवर ताईंच्या हिरव्या अक्षरात लिहिलं होतं:

“मॅव्हरिक. एक वकील होता. त्याच्या पदरात गुरं पडली, पण गुरांत त्याचं मन नव्हतं. बाकीचे लोक आपापल्या वासरांना तापल्या लोखंडाचा डाग देत, याने दिलाच नाही. मग रानात बिनडागाचं वासरू दिसलं की लोक त्याला त्या वकिलाच्या आडनावाने ओळखू लागले. असं वासरू ज्याला आधी सापडे तो त्याला आपला डाग देई, आणि ते त्याचं होई. पुढे हाच शब्द कळपात न चालणाऱ्या माणसाला लागला. आधी नाक मुरडून म्हणत, मग कौतुकाने. आता नोकरीच्या जाहिरातींत येतो. कंपन्यांना असाच माणूस हवा असतो, फक्त तो वेळेवर यावा.”

खाली आणखी बारीक अक्षरात होतं: “प्रतिशब्द: मोकाट? नको, बदनाम वाटतो. स्वच्छंद? नको, फुलपाखरू वाटतं. बंडखोर? नको, हा बिचारा बंड कुठे करतोय. सुचत नाही. नियमावलींना विचारावं.”

आपल्याला कुणी शब्द विचारेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो सुखावला, आणि सुखावल्या सुखावल्या त्याने चिठ्ठी पुन्हा वरून वाचली. ‘ज्याला आधी सापडे तो त्याला आपला डाग देई, आणि ते त्याचं होई.’ त्याने हातातल्या शिक्क्याकडे पाहिलं. तो तापलेला नव्हता, एवढाच काय तो फरक.

त्याने शिक्का खाली ठेवला. कारण गोष्ट नुसत्या शिक्क्याची राहिली नव्हती. कोशाची नवी आवृत्ती छापायला निघाली होती आणि तिच्या पहिल्याच पानावर संकलकांची नावं येणार होती, ज्याच्या शिक्क्याच्या चिठ्ठ्या जास्त त्याचं नाव वर. मोजणी झाली होती. संपादकबाईंनी गेल्याच आठवड्यात त्याला बोलावून हळूच सांगितलं होतं की पहिलं नाव तुमचं, दुसरा जवळपाससुद्धा नाही. तीन नंबरच्या चिठ्ठ्या निघाल्या शून्य. ताईंचं नाव आभारात घालू, चहावाल्याच्या वर, असंही बाई म्हणाल्या होत्या, आणि तोही नंदीबैलासारखी मान हलवून आला होता. महिनाअखेरीस ताई निवृत्त होणार होत्या. उभं आयुष्य शब्दांत घातलेली बाई त्या कोशात चहावाल्याच्या वर उरणार होती.

पॅडवर शाई मुरली. त्याने शिक्का मारला नाही. चिठ्ठी खिशात घातली आणि घरी गेला.

घरी बायकोने काचेच्या कपाटातला वरचा कप्पा रिकामा केला होता. तिथली काचेची बदकं आता टीव्हीवर रांगेने बसली होती. कोशाची जाडी किती, उभा मावेल की आडवा ठेवावा लागेल, हे ती पट्टीने मोजून बघत होती. तिच्या भावाला, वहिनीला, शिंपीणबाईंना, खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना, सगळ्यांना पहिल्या नावाची बातमी पोचलेली होती. दंतवैद्यांना तर तोंड उघडं असतानाच तिने सांगितलं होतं, तिचं तोंड.

जेवताना त्याने विषय काढला. समजा, पहिलं नाव आपलं नसलं तर?

“मग कुणाचं?”

“ज्यांनी लिहिलं त्यांचं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तुम्ही नाही लिहिलं, असं तिने विचारलं. पानातलं सगळं त्याने नीट संपवलं आणि ताट स्वतः उचलून ठेवलं. हे तो फक्त आजारी पडायच्या आधी करतो, हे तिला ठाऊक होतं.

सकाळी तो संपादकबाईंपुढे उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मग खणातून नियमपुस्तक काढून त्याच्यासमोर ठेवलं. चिठ्ठी कुणाची ते शिक्क्यावरून ठरेल, अक्षरावरून नाही. हे वाक्य कुणाचं? त्याचंच. आता छपाईच्या तोंडावर त्याने येऊन सांगावं की शिक्का चुकला, हे कसं चालायचं? उद्या सगळेच येतील. बाईंचं बरोबर होतं. त्यांच्या जागी तो असता तर याहून कडक बोलला असता.

तो दारापर्यंत गेला आणि थबकला.

“मॅडम, एकाच चिठ्ठीवर दोन शिक्के असले तर?”

“तर लहान नंबरचा धरायचा. कलम अकरा.” बाईंनी चष्मा वर केला. “तेही तुम्हीच लिहिलंय.”

“आणि छपाईआधी फेरमोजणी असते.”

“असते. कलम बारा. तुमच्याच हौसेचं. आजपासून आठ दिवसांनी.”

बाहेर येऊन त्याने सरळ खिडकी गाठली आणि फटीतला तीन नंबरचा शिक्का हिसडा देऊन ओढला. खिडकी धाडकन मिटली. ताईंनी मान वर केली. आता घुसमटायला होईल त्याचं काय, असं त्या म्हणाल्या. त्याने इकडेतिकडे पाहिलं. फटीत बसेल एवढी जाड वस्तू सबंध खोलीत एकच होती. त्याने नियमपुस्तक उघडलं, मधोमध वाकवलं आणि खिडकीत कोंबलं. ताईंची लेखणी हातातल्या हातात राहिली. हे काय चाललंय, त्यांनी विचारलं. तपासणी, तो म्हणाला आणि खणांच्या खोलीत शिरून त्याने दार लावून घेतलं.

आठ दिवस तो त्या खोलीत होता. हिरवी शाई दिसली की सातच्या शेजारी तीन. मनगट भरून आलं, अंगठा जांभळा झाला, साबणाने निघेना. आणि आता त्याला वाचायची खोड लागली होती. एकेक चिठ्ठी वाचून, कधी हसून, कधी नुसताच बसून राहून, मग तो शिक्का मारी. केवढं मोठं काम आपल्या हाताखालून गेलं आणि आपण फक्त कोपरा बघत बसलो, याची त्याला मनापासून लाज वाटली. प्रत्येक शिक्क्यासरशी पहिल्या पानावरचं त्याचं नाव एक पायरी उतरत होतं हेही त्याला कळत होतं. मधूनच काचेच्या कपाटाचा तो रिकामा कप्पा डोळ्यांपुढे येई आणि हात जरा सावकाश चाले. पण चाले.

त्याच्या स्वतःच्या अशा चिठ्ठ्या एका खणात मावल्या. फळं, भाज्या, पाळीव प्राणी आणि वारांची नावं. त्यातच त्याची नोकरीतली पहिली चिठ्ठी सापडली: हिप्पोपोटॅमस, पाणघोडा. उजव्या कोपऱ्यात सात, सरळसोट. आणि वर, डाव्या बाजूला, हिरव्या शाईत बारीक एकच शब्द: ‘छान.’ एकोणीस वर्षं तो शब्द तिथे होता. त्याने कधी डावीकडे पाहिलंच नव्हतं. तो स्टुलावर बसला.

फेरमोजणी झाली. संपादकबाईंनी त्याला बोलावलं, यादीचा कच्चा कागद दाखवला आणि त्याच्या जांभळ्या अंगठ्याकडे बघत म्हणाल्या की नियमात बसतंय, मला काही बोलता येत नाही. घरी त्याने बायकोला सगळं खरं सांगितलं. ती आत गेली, भांडी जरा जास्तच वाजली, मग बाहेर येऊन तिने विचारलं की नाव आहे तरी का कुठे. आहे, तो म्हणाला, सगळ्यात शेवटी. तिने बराच विचार केला.

“शेवटचं चांगलं. मधली कुणी वाचत नाही,” ती म्हणाली, आणि बदकं टीव्हीवरच राहिली.

ताईंच्या शेवटच्या दिवशी छापलेलं पहिलं पान कार्यालयात आलं. ताईंनी ते हातात घेतलं, वरचं नाव वाचलं, मग बोट खाली नेत नेत तळाशी पोचल्या आणि तिथे थांबल्या. खिडकीकडे पाहिलं. नियमपुस्तक पावसावाऱ्याने फुगून दुप्पट झालं होतं. नियमावली खाली मान घालून टेबलावरची टाचणी सरळ करत होता. तिला सरळ करण्यासारखं काही नव्हतं.

“माझी एक चिठ्ठी तुमच्याकडे राहिलीय,” ताई म्हणाल्या.

त्याने खिशातून ती काढली. घड्या पडून कडा मऊ झाल्या होत्या. ‘नियमावलींना विचारावं’ याच्यापुढे त्याने शिसपेन्सिलीने, खोडायला बरं म्हणून, एक शब्द लिहिला होता: बिनशिक्क्याचा.

ताईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग हिरव्या लेखणीने त्याची शिसपेन्सिलीची अक्षरं एकेक करून गिरवली. गिरवून झाल्यावर त्या उठल्या, त्याच्या टेबलाशी आल्या, त्याचा सात नंबरचा शिक्का उचलला, त्याच्यासारखाच एक लांब ‘हा’ सोडला आणि दाबला. आयुष्यात पहिल्यांदाच मारत होत्या. शिक्का डाव्या कोपऱ्यात पडला, तिरपा, आणि उलटा.

“ही तुमची,” त्या म्हणाल्या. “खणात टाका.”

त्याने ती चिठ्ठी सरळ धरून पाहिली, मग उलटी धरून पाहिली. हात आपोआप पॅडकडे गेला होता, तो त्याने मागे घेतला. मग उठून त्याने ती होती तशी खणात टाकली.